गिरगाव ते डोंबिवली : एका घरबदलाचा इतिहास

मुंबईत नोकरी आणि मुंबईबाहेर बिऱ्हाड ही मराठी मध्यमवर्गाची रीत मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या चाळी सोडून असंख्य कुटुंबे मध्य रेल्वेवर डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूरला आणि पश्चिम रेल्वेवर वसई-विरारला गेली. जागेची टंचाई हे त्यामागचे उघड कारण होते. मात्र कोणी जायचे, कधी जायचे आणि कुठवर जायचे हे ठरले ते भाडेनियंत्रण, पागडी, ओनरशिपचा ब्लॉक आणि रेल्वेचा पास या चार गोष्टींवर.

मुंबईतील दाटीची सुरुवात गिरण्यांपासून झाली. पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत कोकणातून व घाटावरून माणसांचा ओघ लागला. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा लोक शहर सोडून पळाले. १८९१ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख २२ हजार असलेली वस्ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली होती. साथीनंतर, १८९८ मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या आखणीतून दादर-माटुंग्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे बीडीडी चाळी बांधल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची असे. एका कोपऱ्यात मोरी, वर सामानासाठी फळी, बाहेर सामाईक गॅलरी आणि तिच्या टोकाला संडास. एवढ्या जागेत आईवडील, भावंडे आणि गावाकडून आलेला एखादा पाहुणा राहत. मुलाचे लग्न ठरले की नवराबायकोने झोपायचे कुठे, हा घरोघरीचा प्रश्न होता. १९७० च्या ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटाचा विषय हाच होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी चढू लागली तेव्हा सरकारने ती रोखली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण धरले. भाडेकरूला संरक्षण मिळाले. पण भाडे वर्षानुवर्षे तेवढेच राहिल्याने मालकाने दुरुस्तीवरचा हात आखडला आणि भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्यात कोणाला रस उरला नाही. १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ नेमण्याचा कायदा करावा लागला.

याच कोंडीत पागडी फोफावली. खोली कागदोपत्री मालकाची असे, पण ताबा सोडताना भाडेकरू नव्या माणसाकडून रोख रक्कम घेई आणि तिच्यातला ठरलेला हिस्सा मालकाला देई. कायद्याला हा व्यवहार मान्य नव्हता, तरी तो सर्रास चाले. नवविवाहित जोडप्याला पागडी भरून गिरगावात खोली घेणे आवाक्याबाहेरचे होते. उलट ज्याच्याकडे खोली होती, त्याच्या हाती ती सोडताना एकरकमी भांडवल येई. पागडीचे पैसे, फंडातून काढलेले कर्ज आणि बायकोचे दागिने यांची बेरीज करून डोंबिवलीचा ब्लॉक घेतला जाई. खोली ठेवून धाकट्या भावाला द्यायची की सोडून मोठी जागा घ्यायची, हा वाद अनेक घरांत वर्षानुवर्षे चाले.

ब्लॉक विकत घेण्याची चौकट १९६० च्या दशकात पक्की झाली. १९६० मध्ये महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा आला आणि १९६३ मध्ये ओनरशिप फ्लॅटचा कायदा. रेल्वे तर आधीपासून होती. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत धावलेली गाडी १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली. मुंबईत १९२५ मध्ये विजेची गाडी सुरू झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस वीज कल्याणपल्याड गेली. सुटी तिकिटे काढण्याच्या मानाने मासिक किंवा त्रैमासिक पास फारच स्वस्त पडे. त्यामुळे सुमारे ५० किलोमीटर लांब राहूनही फोर्टातली नोकरी टिकवता येई.

डोंबिवलीत मिळे ती साधारणपणे ‘वन रूम किचन’ जागा : बाहेरची खोली, वेगळे स्वयंपाकघर आणि घरातच संडास-बाथरूम. रस्ते कच्चे, पाणी अपुरे. तरी दार लावून घेता येई. चाळीतला शेजार सुटला, पण गणेशोत्सव, वाचनालये, व्याख्यानमाला आणि नाट्यवेड बरोबर आले. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे हे लेखक याच गावात राहिले. नोकरदार स्त्रिया वाढल्या तशी पोळी-भाजी केंद्रेही गल्लोगल्ली निघाली.

स्वस्त घराची उरलेली किंमत वेळेत चुकवावी लागे. जाऊन-येऊन रोजचे तीन तास गाडीत जात. त्या गर्दीचेही नियम ठरले. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा द्यायची, जागा मिळावी म्हणून उलट्या दिशेने ‘डाऊन’ करून यायचे, ठरलेल्या डब्यात भजनी मंडळाने टाळ वाजवायचे. बायकांच्या डब्यात भाजी निवडून होई.

१९८२ च्या गिरणी संपानंतर स्थलांतराला दुसरी लाट आली. काही कामगार कोकणात परतले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले, जागेचे भाव चढले आणि जुन्या चाळींतली पुढची पिढी उपनगरांकडे वळली. १९९९ च्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडीच्या देवघेवीला मान्यता दिली, तोवर हे वळण पक्के झाले होते. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. त्याच काळात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांच्या पुढे गेला आणि २०१४ मध्ये त्यातून पालघर वेगळा काढावा लागला. एकट्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची वस्ती २०११ मध्ये सुमारे १२ लाख ४७ हजार होती. डोंबिवलीतही भाव वाढल्यावर नवी जोडपी बदलापूर आणि टिटवाळ्याकडे सरकली, आणि पासावरचे अंतर आणखी लांबले.