जॅव्हिट्स, जेकब

जॅव्हिट्स, जेकब : (१८ मे १९०४ – ७ मार्च १९८६). अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या उदारमतवादी गटाचे अग्रणी नेते व न्यूयॉर्कचे सिनेटर (१९५७–८१). जन्म न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत, ज्यू स्थलांतरित कुटुंबात. वडील भाड्याच्या इमारतींची झाडलोट व देखभाल करीत, आई हातगाडीवर किरकोळ माल विकी. ‘टॅमनी हॉल’ या डेमोक्रॅटिक यंत्रणेसाठी वडील निवडणुकीत मते गोळा करत. ती मतखरेदी घरातूनच पाहिल्यामुळे जॅव्हिट्स यांना त्या पक्षाचा वीट आला आणि ते न्यूयॉर्कचे नेते ला गार्डिया यांच्या सुधारणावादी रिपब्लिकन छावणीत गेले. रिपब्लिकन पक्षाशी त्यांचे नाते पुढेही बरेचसे असेच राहिले : नाव रिपब्लिकन, मते बहुधा वेगळी.

न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्याची पदवी (१९२६), वकिली आणि दुसऱ्या महायुद्धातील लष्करी सेवा यांनंतर १९४६ मध्ये ते प्रतिनिधिगृहात निवडून आले. कामगार संघटनांवर निर्बंध घालणाऱ्या टाफ्ट-हार्टली विधेयकावर अध्यक्ष ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला, तेव्हा त्यांनी स्वपक्षाविरुद्ध जाऊन अध्यक्षांना साथ दिली (१९४७). १९५४ मध्ये माजी अध्यक्षांचे पुत्र धाकटे फ्रँकलिन रूझवेल्ट यांना हरवून ते राज्याचे महाधिवक्ता झाले, तर १९५६ मध्ये न्यूयॉर्क शहराचे महापौर वॅग्नर यांचा पराभव करून सिनेटवर गेले.

१९६४ चा नागरी हक्क कायदा व १९६५ चा मतदान हक्क कायदा यांच्या पाठीराख्यांत ते पुढे होते. नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत देणाऱ्या सिनेटर गोल्डवॉटर यांना पक्षाने अध्यक्षपदाची उमेदवारी दिली, तेव्हा त्यांनी पाठिंबा नाकारला. १९६५ मध्ये सिनेटमधील पहिला कृष्णवर्णीय ‘पेज’, म्हणजे सभागृहातील विद्यार्थी-मदतनीस, त्यांनीच नेमला.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मात्र निवृत्तिवेतनाचे. डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकर कंपनीने इंडियानातील साउथ बेंडचा मोटार कारखाना बंद केला. साठी गाठलेल्या जुन्या कामगारांना पूर्ण निवृत्तिवेतन मिळाले. चाळीस ते साठ वयाच्या सुमारे ४,००० कामगारांच्या हाती हक्काच्या रकमेपैकी जेमतेम १५ टक्के पडले आणि त्याहून तरुणांना काहीच नाही. यात लबाडी नव्हती. निधीच अपुरा होता आणि तो पुरेसा ठेवण्याची सक्ती करणारा कायदा नव्हता. जॅव्हिट्स यांनी १९६७ मध्ये सुधारणेचे विधेयक मांडले. विमा कंपन्या, उद्योजक आणि काही कामगार संघटनाही विरोधात होत्या. डेमोक्रॅट सिनेटर हॅरिसन विल्यम्स यांच्या साथीने त्यांनी ते सात वर्षे लावून धरले. २ सप्टेंबर १९७४ रोजी, कामगार दिनी, अध्यक्ष फोर्ड यांनी कायद्यावर सही केली. ठरावीक सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क पक्का, निधी पुरेसा ठेवण्याचे बंधन, विश्वस्तांवर जबाबदारी आणि योजना बुडाल्यास सरकारी विमा, हा त्याचा गाभा. निवृत्तिवेतन द्यावेच, अशी सक्ती मात्र त्यात नाही.

अध्यक्षांच्या युद्धविषयक अधिकारांना लगाम घालणारा १९७३ चा ठरावही प्रामुख्याने त्यांचाच. तो अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडून संमत झाला.

चोवीस वर्षे त्यांचा पक्ष सिनेटमध्ये अल्पमतात होता, त्यामुळे कोणत्याही स्थायी समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले नाही. त्यांची कामगिरी तोलताना हे ध्यानात ठेवावे लागते. १९८० मध्ये पक्षाला बहुमत मिळाले. त्याच वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत आल्फॉन्स डामाटो यांनी त्यांना हरवले. चेतापेशींच्या असाध्य विकाराने ग्रासलेले असूनही ते लिबरल पक्षातर्फे लढले आणि सुमारे ११ टक्के मते मिळवून तिसरे आले. डेमोक्रॅट एलिझाबेथ होल्ट्झमन सुमारे एका टक्क्याने पडल्या. आपल्या उमेदवारीने जॅव्हिट्स यांनी उदारमतवादी मते फोडली, हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे.

१९८३ मध्ये त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळाले. फ्लॉरिडातील वेस्ट पाम बीच येथे त्यांचे निधन झाले.