बैलगाडीचं चाक आणि पिकअपचे पाटे

तर मंडळी, सुलतानपूर म्हणजे लोणार तालुका, काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्याचा निव्वळ चिखल. म्हणून आपल्या जुन्या बैलगाडीचं चाक एवढं मोठं. आस चिखलाच्या वर राहायचा.

1947 मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. तिचं चाक लहान, बैठक पोलादी पाट्यांवर. आजच्या पिकअपच्या मागेही पाटेच आहेत. त्यामुळे गाडी उचलायची म्हटलं की आपण पाटे वाढवतो, नाहीतर आस आणि पाट्यांमध्ये ठोकळा घालून लांब यू-बोल्ट आवळतो. चेसिस दोन इंच वर जाते. डिफरन्शियलचा गोळा मात्र जिथल्या तिथे! त्याची उंची चाक ठरवतं, पाटा नाही. गाडी घडवणाऱ्या सुताराला हे पक्कं ठाऊक होतं.

बरं, नुसती उंचीच वाढत नाही. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकची नळी ताणली जाते. कायदाही आहे: कलम 52. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं. आणि सोयाबीनची पोती वरपर्यंत रचलेली, उचललेली गाडी वळणावर कलते, तेव्हा केबिनमध्ये आपलंच पोरगं बसलेलं असतं.