दाराबाहेरचे गाणे

१९७७ सालची अखेरची रात्र. न्यूयॉर्क शहरातील चौपन्नाव्या रस्त्यावर ‘स्टुडिओ ५४’ नावाच्या नृत्यगृहापुढे भर थंडीत माणसांची दाटी झाली होती. मुळात संगीतिकांसाठी बांधलेली ही वास्तू त्याच वर्षीच्या एप्रिलात नृत्यगृह म्हणून उघडली होती, आणि आठ महिन्यांत तेथील नृत्यापेक्षा तेथील दाराचीच ख्याती अधिक झाली होती. कोणास आत घ्यावयाचे आणि कोणास रस्त्यावर ताटकळत ठेवावयाचे, हे दाराशी उभी असलेली माणसे केवळ मर्जीने ठरवीत. त्या रात्री उंची पोषाख केलेले दोन कृष्णवर्णीय तरुण तेथे आले. गायिका ग्रेस जोन्स हिने त्यांना आमंत्रण दिले होते; परंतु दाराशी त्यांची नावे पोहोचली नव्हती. त्यांना परत फिरावे लागले. त्यांचीच गाणी त्या दिवसांत नृत्यगृहांतून वाजत होती, ही गोष्ट दारवानाच्या लेखी गैरलागू होती.

हे दोघे म्हणजे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्‌स. एक गिटार वाजवी, दुसरा बेस गिटार. रॉजर्स यांनी कोवळ्या वयात ब्लॅक पँथर पक्षाचे काम केले होते. याच पक्षावरून १९७२ साली मुंबईतील तरुणांनी आपल्या संघटनेस दलित पँथर हे नाव दिले. पुढे या दोघांनी ‘शीक’ हा वाद्यवृंद उभारला. शीक या फ्रेंच शब्दाचा अर्थ नेटका, डौलदार. नावाप्रमाणेच सूट, टाय आणि रेशमी झगे हा त्यांचा वेष. कृष्णवर्णीय वादकांनी असा खानदानी थाट मिरवावा, यात एक अबोल हक्क सांगितलेला होता. दारापाशी नेमका तोच थाट निरुपयोगी ठरला, हे विशेष.

दोघे जवळच असलेल्या रॉजर्स यांच्या घरी परतले. शॅम्पेन प्याले, वाद्ये हाती घेतली, आणि त्या दारवानाला उद्देशून एक सणसणीत शिवी तालावर म्हणू लागले. चाल झकास जमली. पण ती शिवी कोणत्याही नभोवाणीने ऐकविली नसती. तेव्हा शिवीच्या जागी बेभान होण्याचा अर्थ असलेला दुसरा शब्द आला, आणि ‘ल फ्रीक’ हे गीत तयार झाले. रागाचा उगम त्यात शोधूनही सापडत नाही; ऐकणाऱ्यास ते नाचाचे आमंत्रणच वाटते.

या गीतात ‘सॅव्हॉय’चा उल्लेख येतो, तो सहज आलेला नाही. हार्लेम वस्तीतील लेनॉक्स अॅव्हेन्यूवर १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम उघडले. त्याच काळात कॉटन क्लबमध्ये कृष्णवर्णीय कलावंत नाचत-गात, पण प्रेक्षक म्हणून गोऱ्यांनाच प्रवेश असे. सॅव्हॉयमध्ये मात्र काळे आणि गोरे एकाच लाकडी जमिनीवर नाचले. तेथे चिक वेब यांचा वाद्यवृंद गाजला आणि लिंडी हॉप नृत्य बहरले. १९५८ साली ते बंद पडले. वीस वर्षांनी, एका दारातून परत पाठविलेल्या दोघांना ते दुसरे दार आठवावे, यातच या गीताचा खरा इतिहास आहे.

ऑगस्ट १९७८ मध्ये ‘से शीक’ ही त्यांची दुसरी दीर्घ ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली. तिचे मुद्रण ‘पॉवर स्टेशन’ या मुद्रणगृहात झाले. पूर्वी ते खरोखरच वीजकेंद्र होते. ध्वनिमुद्रिकेत आठ रचना आहेत, पैकी दोन केवळ वाद्यांच्या. रॉजर्स यांची गिटार येथे सूर लांबवीत नाही, ती तार दाबून अखंड कातरत राहते. तिच्याखाली एडवर्ड्‌स यांचा बेस जणू स्वतंत्र गाणे म्हणतो आणि टोनी थॉम्प्सन यांचा ड्रम दोघांना बांधून ठेवतो. अल्फा अँडरसन आणि लुसी मार्टिन यांचा आवाज जाणूनबुजून संयत आहे. ‘आय वॉन्ट युअर लव्ह’ या गीतात घंटांचा नाद येतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही. आणि मग मध्येच ‘अॅट लास्ट आय अॅम फ्री’ हे संथ, उदास गीत लागते. नृत्याच्या तबकडीवर त्याने यावे कशाला, असा प्रश्न पडतो. पण १९८० साली रॉबर्ट वायट या इंग्रज गायकाने, ज्याचा नृत्यगृहांशी काडीचाही संबंध नव्हता, नेमके तेच गीत उचलले.

‘ल फ्रीक’ अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत १९७८च्या डिसेंबरात अग्रस्थानी पोहोचले. तेथून दोनदा खाली उतरून दोन्ही वेळा पुन्हा वर चढले. त्या यादीत तोवर कोणत्याच गीताने असे केले नव्हते.

डिस्को म्हटले की आपल्याकडे १९८० सालच्या ‘कुर्बानी’ चित्रपटातील गीत आणि चकचकीत दिवे आठवतात, आणि जाणकार मंडळी नाक मुरडतात. अमेरिकेत प्रकरण नाक मुरडण्यावर थांबले नाही. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या तबकड्या सुरुंगाने उडविण्यात आल्या. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले. दुसरा सामना खेळताच आला नाही. या संगीताचे मूळ आश्रयदाते कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी नागरिक होते. तो स्फोट केवळ अभिरुचीच्या मतभेदाचा होता, असे म्हणणे म्हणूनच कठीण जाते.

त्यानंतर ‘शीक’ला तसे यश लाभले नाही, १९८३च्या सुमारास वाद्यवृंद विसर्जित झाला. त्याआधीच, १९८० साली, ‘स्टुडिओ ५४’चे मालक करचुकवेगिरीबद्दल तुरुंगात गेले होते. एप्रिल १९९६ मध्ये, पुन्हा एकत्र आलेल्या ‘शीक’चा तोक्योतील कार्यक्रम आटोपल्यावर, बर्नार्ड एडवर्ड्‌स यांचे तेथेच निधन झाले. २०१८ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत ‘ल फ्रीक’चा समावेश केला. त्या रात्री दाराशी उभ्या असलेल्या दोघांपैकी ही वार्ता ऐकावयास एकटे रॉजर्स उरले होते.