लघुरेल्वेची प्रतिकृती आणि जीर्णतेचा पुरावा

दप्तरे, नाणी, ताम्रपट ही इतिहासाची साधने अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. खेळण्याच्या दुकानातून निघालेली छोटी आगगाडी या मालिकेत बसविण्यास सहसा कोणी धजणार नाही. तथापि विसाव्या शतकात इंग्लंड व अमेरिका या देशांतील काही छांदिष्ट कारागिरांनी लघुरेल्वेस जे रूप दिले, ते पाहता हा प्रश्न विचारार्ह ठरतो. खेळण्याची प्रतिकृती झाली ती प्रमाणबद्धतेमुळे. प्रतिकृतीचे ऐतिहासिक साधन झाले ते मात्र तिच्यावर चढविलेल्या काजळीमुळे, गंजामुळे आणि धुळीमुळे.

आरंभीची लघुरेल्वे ही उघडउघड खेळणे होती. जर्मनीतील मेर्कलिन या कारखान्याने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठराविक रुंदीच्या रुळांची पद्धती मांडली. इंग्लंडमध्ये १९२० पासून हॉर्नबीच्या गाड्या बाजारात आल्या. पत्र्याची बांधणी आणि चकचकीत रंग हेच या वस्तूंचे भूषण होते. पुढे प्रमाणाचा विचार आला, पण तोही तडजोडीसह. ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या प्रमाणात एका फुटास ४ मिलिमीटर धरले जातात, म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूच्या सुमारे १/७६ होते. या हिशेबाने ४ फूट ८॥ इंचांच्या रुळांतील अंतर १८.८३ मिलिमीटर यावयास हवे. प्रत्यक्षात व्यापारी गाड्या १६.५ मिलिमीटरवरच धावत राहिल्या. एंजिन एका मापाचे व रूळ दुसऱ्या मापाचे, अशी ही विसंगती होती.

एंजिनावरून दृष्टी परिसराकडे वळविण्याचे मोठे श्रेय जॉन अहर्न यांच्याकडे जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे त्यांनी उभारलेल्या ‘मॅडर व्हॅली’ या काल्पनिक रेल्वेत गाडी ही गावाचा एक भाग होती, गाव गाडीची शोभा नव्हते. लघुइमारतींवरील त्यांचे पुस्तक १९४७ मध्ये आणि लघुभूदृश्यांवरील १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. गाव खरे वाटावयाचे तर त्याच्या भिंतींना ऊनपाऊस लागलेला दिसला पाहिजे, आणि त्या गावात नवी कोरी, लखलखीत गाडी शिरली तर सारेच खोटे ठरते, ही जाणीव या पद्धतीतून दृढ झाली.

इंग्रजीत ‘वेदरिंग’ म्हणतात त्या जीर्णतादर्शक रंगकामाचा पाया दृष्टिशास्त्रात आहे. १/७६ प्रमाणाची प्रतिकृती दोन फुटांवरून पाहणारा वास्तविक १५२ फुटांवरून पाहत असतो. इतक्या अंतरावर हवेमुळे रंग फिके व तकाकी मंद होते. म्हणून मूळ रंगच जशाच्या तसा लावला तर तो भडक दिसतो. पातळ रंगाचा हात, जवळजवळ कोरडा कुंचला आणि खडूची भुकटी ही येथील साधने. परंतु खरी कसोटी हाताची नसून निरीक्षणाची असते: काजळी धुराड्याभोवती व बॉयलरच्या माथ्यावर साचते, तेलकट मळ चाकांच्या दांड्यांवर, आणि जड पाण्यातील क्षारांचे पांढरे ओघळ बाष्प गळते तेथूनच उतरतात. मळालाही कारण असते.

अमेरिकेत हे तंत्र लोकप्रिय करणाऱ्यांत जॉन अॅलन अग्रगण्य होते. व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्या अॅलन यांनी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे तळघरात ‘गोर अँड डॅफेटिड’ ही डोंगराळ मुलखातील रेल्वे रचली. तिच्यातील कुजक्या फळ्या व गंजके डबे यांच्या छायाचित्रांनी एका पिढीची अभिरुची घडविली. मात्र ती रेल्वे जगात कोठेही नव्हती. तिची जीर्णता कल्पित होती. जानेवारी १९७३ मध्ये अॅलन यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच लागलेल्या आगीत ती रचना नष्ट झाली.

याच्या उलट उदाहरण रॉय इंग्लंड यांचे. ऑस्ट्रेलियात जन्मलेले हे गृहस्थ १९२५ मध्ये इंग्लंडला आले. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यात गवताने शाकारलेली जुनी घरे त्यांच्या डोळ्यांदेखत रूप पालटत होती. त्यांना वाचविणे त्यांच्या हाती नव्हते. म्हणून घरांची मापे, विटांचा रंग, बागांतील झाडे यांची त्यांनी नोंद घेतली आणि पुठ्ठ्यावर एकेक घर उतरविले. १९५४ मध्ये लाँग विटनम येथे पेंडन संग्रहालयाचा आरंभ झाला. तेथील खोऱ्याचे दृश्य दोन महायुद्धांमधील काळाशी बांधलेले आहे. अहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ही आज याच संग्रहालयात जतन केलेली आहे.

या दोन उदाहरणांतील भेद कौशल्याचा नव्हे, पुराव्याचा आहे. १९३० च्या सुमारास ग्रेट वेस्टर्न रेल्वेची वेगवान गाडी ओढणारे हिरवे एंजिन, तांब्याची कड असलेल्या धुराड्यासह, पुसूनपासून ठेवले जाई. त्यावर गंजाचे थर चढविणे हा कालविपर्यास होईल. उलट ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेवरील नियमित बाष्पयुग संपले, त्यापूर्वीच्या वर्षांत साफसफाईची आबाळ झाली होती आणि अनेक एंजिनांवरील नावाच्या पाट्याही उतरविल्या गेल्या होत्या. त्या काळचे एंजिन स्वच्छ दाखविणे तितकेच असत्य ठरेल. म्हणजे सरसकट लावलेला मळ हा सरसकट लावलेल्या चकाकीइतकाच अनैतिहासिक होय.

दप्तरात एंजिनाचा क्रमांक सापडतो, कारखान्याच्या आराखड्यात त्याचे माप सापडते. परंतु अमुक वर्षी, अमुक स्थानकात ते कसे दिसत होते, हे या दोहोंतून कळत नाही. ते छायाचित्रे, आठवणी व उरलेले अवशेष यांच्या तौलनिक परीक्षणातूनच ठरवावे लागते. ज्या प्रतिकृतीमागे असे परीक्षण आहे, तिच्यावरील काजळीचा डाग हे केवळ अलंकरण नसून एक विधान असते, आणि इतर कोणत्याही विधानाप्रमाणे त्याची शहानिशा करता येते. इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्याकडे याच दृष्टीने पाहावयास हवे.