पळीभर तेल आणि गणिताचा मठ

१/ तुळजापूर तालुक्यातील अणदूर हे खंडोबाचे गाव. देव वर्षातील बहुतेक काळ अणदुरात आणि उरलेला काळ शेजारच्या नळदुर्गात असतो. पौष पौर्णिमेला नळदुर्गास मोठी यात्रा भरते. ही पौर्णिमा नेमकी कोणत्या दिवशी, हे पंचांग सांगते. पंचांगामागचे गणित मात्र कोणी जपले?

२/ चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी पूर्ण होते. दोघांचीही गती सतत बदलत असल्यामुळे तिथी कधी लहान, कधी मोठी. ती काढायची तर आकडेमोडीची खात्रीशीर रीत हवी. आज ज्यास संगणनात्मक गणित म्हणतात, त्याचा हा फार जुना उपयोग होय.

३/ या विद्येचे थोर आचार्य म्हणजे भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

४/ बीजगणितातील एक प्रश्न पाहा. कोणत्या पूर्णांकाच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग येतो? सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८०. भास्कराचार्यांनी ते चक्रवाल पद्धतीने काढले. हाच प्रश्न १६५७ साली फ्रान्सच्या फर्माने युरोपातील गणितज्ञांपुढे टाकला.

५/ परंतु ग्रंथ लिहिल्याने विद्या टिकतेच असे नाही. श्लोकांत बांधलेली रीत शिकवणाऱ्यावाचून उलगडत नाही. एका पिढीने अध्ययन सोडले, तर पोथी उरते आणि गणित जाते.

६/ भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे ज्योतिषी झाले. (योगी चांगदेव ते हे नव्हेत.) आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन अखंड चालावे म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापिला. हे पाटण आजच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ आहे.

७/ निकुंभ वंशातील सोइदेव हा तेथील मांडलिक. त्याने शके ११२८च्या श्रावण पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी, मठास दान दिले. अभ्यासकांनी हा दिवस ९ ऑगस्ट १२०७ असा ठरविला आहे. ग्रहणाचे गणित शिकविणाऱ्या मठाला ग्रहणाच्याच दिवशी दान मिळाले.

८/ हे सारे पाटणच्या शिलालेखात कोरले आहे. वंशावळ व स्तुती संस्कृतात. देण्याघेण्याचा तपशील मात्र जुन्या मराठीत, कारण तो गावकऱ्यांना कळणे आवश्यक होते. ग्राहकामागे पाच पोफळे, चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल, अशी ही देणगी. राजाश्रय होता, तरी मठाचा नित्याचा खर्च बाजारपेठेने उचलला. तेली आणि ग्राहक हेही या विद्येचे आश्रयदाते ठरतात.

९/ पुढे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिला. त्यात ज्या-कोष्टकांवाचून ग्रह काढण्याची सुटसुटीत रीत आहे. महाराष्ट्रात कित्येक पिढ्या पंचांगे या ग्रंथावरून होत. १५४५ साली त्यांनीच लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. भास्कराचार्यांचा ग्रंथ चार शतकांनंतरही शिकविला जात होता, याचा हा पुरावा.

१०/ एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पाटणचा लेख अभ्यासकांसमोर आणला. मठात शिकविणाऱ्यांची आणि शिकणाऱ्यांची नावे त्यात नाहीत. तेलाचे माप मात्र आहे. नळदुर्गाची यात्रा ठरल्या पौर्णिमेस भरते, तेव्हा त्या तिथीमागे अशा अनाम अध्यापकांची आणि घाण्यावरच्या त्या पळीभर तेलाचीही परंपरा उभी असते.