उथळ पाण्यातला मासा

टेक्ससला असणारा भाचा हल्ली फोनवर मासेमारीशिवाय दुसरं काही बोलत नाही. मेक्सिकोच्या आखाताच्या कडेला गुडघाभर खारं पाणी, खाली गवत, आणि त्यात चालत जाऊन म्हणे हे लोक रेडफिश नि ट्राउट पकडतात. रेडफिश तळाशी तोंड घालून चरायला लागला की शेपूट पाण्याबाहेर येतं, आणि तेच बघून गळ टाकायचा. मग थोडं वाचलं. तिथला ट्राउट नावापुरताच ट्राउट आहे. तो आणि रेडफिश, दोघंही आपल्या कोकणातल्या घोळीच्या नि ढोम्याच्या कुळातले. म्हणजे मंडळी, नातं निघालंच!

आता परभणीकराने समुद्राच्या गोष्टी काय सांगाव्यात? पण उथळ पाणी, पाणगवत आणि वर येऊन स्वतःचा पत्ता देणारा मासा हे सगळं आपल्याकडेही आहे. आपली मरळ. तिला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, वर येऊन हवा घ्यावी लागते. म्हणून तर उन्हाळ्यात डबक्यातलं पाणी कोमट नि गढूळ झालं, बाकीचे मासे मेले, तरी ती टिकते. वर आली की पाण्यावर वर्तुळ उमटतं आणि जाणत्याला तेवढं पुरतं.

गळाने मासे धरण्याचा शौक इंग्रजांनी आणला असं बऱ्याच जणांना वाटतं. हेन्री सुलिव्हन थॉमस नावाच्या मद्रासकडच्या साहेबाने 1873 साली 'द रॉड इन इंडिया' लिहिलं आणि 1887 साली खास तळ्यांतल्या मासेमारीवर दुसरं पुस्तक काढलं, हे खरं. पण त्याच्या साडेसातशे वर्षं आधी एका राजाने याच विषयावर अख्खा अध्याय लिहून ठेवला होता, आणि तोही आपल्याच बाजूला बसून.

हा राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, निलंगा-उमरग्याच्या पलीकडे. गोदाकाठचा आपला मुलूख तेव्हा त्याच घराण्याच्या छत्राखाली होता. 1130च्या आसपास त्याने 'मानसोल्लास' रचला. शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ, त्यात राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं. मराठी माणसाला तो ठाऊक असतो तो ओवीमुळे, कारण महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद त्यात आहे. (आपली जनाबाई गंगाखेडची. ओवीचा विषय निघाला की आम्ही हे सांगणारच!) त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' येतो. त्यात सुमारे 35 जातींचे मासे, नदीतले आणि समुद्रातलेही, आणि त्यांना काय चारावं नि गळाने कसं धरावं याचा विचार आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी 1951च्या सुमारास या अध्यायावर लिहिलं, तेव्हा कुठे अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं.

मला या अध्यायाचं कौतुक आहेच, पण एक गोष्ट खटकते. राजाचा तो विनोद झाला. त्याच नदीवर ज्यांचं पोट होतं, ज्यांना कुठला मासा कुठल्या डोहात हे बापजाद्यांकडून ठाऊक होतं, त्यांचं काय? राजाला ही माहिती स्वप्नात थोडीच पडली असेल! कुणीतरी सांगितलीच असणार. सांगणाऱ्याचं नाव ग्रंथात नाही. आपल्याकडे भोई समाजाने मासेही धरले आणि पालख्याही वाहिल्या. पालखीत कोण बसलं होतं तेवढं इतिहासात आलं.

असो. पुढचं मोठं वळण धरणांचं. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरी झालं, 1968 साली पुरं. सिंचन आलं, साडेबावीस मेगावॅटचं वीजघर आलं. वाहत्या नदीचा जलाशय झाला आणि मासेमारीचा हिशोबच बदलला. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांचं प्रजनन घडवून आणलं, आणि मग कटला, रोहू, मृगळ यांचं बीज हवं तेवढं मिळू लागलं. त्याआधीच, 1952 साली, तिलापिया परदेशातून देशात आलेला. डोहाच्या जागी सोसायटी, ठेका नि बीज हे शब्द आले.

या हिशोबात मरळ बसत नाही. ती दुसऱ्यांची पिल्लं खाणारी, म्हणून बीज सोडण्याआधी संवर्धन तळ्यातून तिला काढून टाकायचं असतं. बाजारात मात्र भाव तिलाच जास्त! शिवाय ती पिल्लांची राखण करते. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला की खाली आईबाप असतातच. तिथेच बेडकाचं आमिष टाकलं की राखणदार झेपावतो आणि गळाला लागतो. पुंजका मग इतर माशांच्या तोंडी. रेडफिश शेपटीने पत्ता देतो, मरळ पोरांपायी देते.

परवा भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, तिकडे पिल्लांवरची मरळ धरायला बंदी नाही का? तिकडे म्हणे रेडफिश ठरावीक लांबीपेक्षा लहान निघाला तर पाण्यात परत सोडावा लागतो. पट्टी घेऊन मोजतात.