पुस्तकात ४०१००, तारेवर ९९

बीड जिल्हा म्हटले की ऊसतोड आठवते. तोडलेला ऊस कारखान्यात गव्हाणीवर पडतो. तिथून पुढची गोष्ट सहसा कोणी लिहीत नाही. मिलवर भार वाढला की गव्हाण मंद व्हावी लागते. तिची मोटार मंद करतो तो ड्राइव्ह, म्हणजे विजेची वारंवारता कमीजास्त करणारी पेटी. या पेटीला निरोप कसा पोचतो, हे शोधताना मी १९७९ सालापर्यंत मागे गेलो.

त्या वर्षी अमेरिकेतल्या मॉडिकॉन कंपनीने आपल्या नियंत्रकांसाठी 'मॉडबस' ही संवादपद्धती काढली. तिचे नियम खुले होते, म्हणून ती जगभर पसरली. तिच्यात शब्द नाहीत. क्रमांक दिलेल्या खान्यात ० ते ६५,५३५ पैकी एक आकडा लिहायचा किंवा वाचायचा, एवढेच. स्तेफान रेंबो यांची 'लिबमॉडबस' ही मुक्त लायब्ररी हेच काम चोख करते.

पण ती टपालवाल्यासारखी आहे. पत्रातला मजकूर तिला कळत नाही. सीमेन्सच्या व्ही-२० ड्राइव्हला चालू करायचे तर खाना ४०१०० मध्ये आधी ११५०, मग ११५१ लिहायचे. श्नायडरच्या अल्टिवारला खाना ८५०१ मध्ये ६, ७, १५. पहिली रीत 'प्रोफिड्राइव्ह'ची, दुसरी 'सीआयए ४०२'ची. आयईसी ६१८००-७ या आंतरराष्ट्रीय मानकाने दोन्ही शेजारी शेजारी नोंदवल्या, निवड केलीच नाही. माझ्या मते घोळ तिथेच कायम झाला. मोडीची अक्षरे काही महिन्यांत लागतात, दफ्तरातले संक्षेप लागायला वर्षे जातात, तसेच हे.

ऐन गळीत हंगामात ड्राइव्ह जळाला आणि बाजारात दुसऱ्याच कंपनीचा मिळाला, तर जुने आकडे निकामी. कंपनीचा माणूस येईपर्यंत गव्हाण थांबते, ऊस वाळतो, फडातली टोळी बसून राहते. टोळीची मजुरी टनावर असते, तासावर नाही.

म्हणून लायब्ररीवर मी एक थर लिहायला घेतला : चालू, थांब, वेग, स्थिती अशा चार आज्ञा, आणि प्रत्येक ड्राइव्हसाठी आकड्यांचा वेगळा तक्ता. तक्त्यात खान्याच्या क्रमांकाला दोन रकाने ठेवावे लागले. व्ही-२०च्या ४०१०० मधला ४ हा मॉडिकॉनच्या काळापासून खान्याचा प्रकार सांगतो, आणि पुस्तकातली मोजणी १ पासून सुरू होते. तारेवर मोजणी शून्यापासून, म्हणून तिथे जातो तो आकडा ९९. अल्टिवारचा ८५०१ मात्र दोन्ही रकान्यांत ८५०१ च राहतो.